डाळिंबी बेगमेची ओटी

१

हौदातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. बेगम दुधानं न्हाते असा सीन होता, आणि एवढं दूध कोण ओतणार, म्हणून पाण्यात पांढरी पावडर कालवली होती. त्यामुळं आत बाई आहे हे कितीतरी वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटचा शॉट संपला, पॅकअपची हाळी झाली, आणि कपडे गोळा करत ड्रेसवाला मोहनसिंग हमामाच्या सेटवर शिरला. सहा बेगमांचे जोड मिळाले होते. सातवा, डाळिंबी रंगाचा, सापडत नव्हता. पाण्यावर त्याला डाळिंबी ओढणीचं टोक दिसलं. महागाचा कपडा भिजवला म्हणून पुटपुटत त्यानं टोक ओढलं, तर ते जड लागलं.

ओढणीबरोबर कोमल वर आली.

मोहनसिंगनं बोंब ठोकली. ती ऐकून आधी वाडीतली माणसं धावली, आणि त्यांना दिसलं काय, तर बाहेरगावचा गडी आणि त्याच्या हातात आपल्या वाडीची भिजलेली सून. पुढं काही विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. फौजदार नीलांबरी पोचली तोवर मोहनसिंगचे पुढचे दोन दात गेले होते. एक जण त्याच्या बोटांवर बूट ठेवून उभा होता आणि दुसरा ते मोबाइलवर घेत होता.

"बूट काढ," नीलांबरी म्हणाली. त्यानं काढला, पण जाता जाता टाच फिरवून काढला. बोट मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

२

सेनगावहून साखऱ्याकडं जाताना उजव्या हाताला जो उघडा माळ लागतो, तिथं प्लायवूडचा महाल उभा होता. पुढून संगमरवर, मागून बांबू. हिंगोलीचे व्यापारी तातेराव यांना पिच्चर काढायची हौस आली होती. एका नवाबाचा जनानखाना आणि त्यातल्या सात बेगमा अशी गोष्ट. सहा बेगमा मुंबईहून आल्या, आपापल्या गाड्यांत राहिल्या. सातवीनं ऐन वेळेला पाठ फिरवली, तेव्हा दिग्दर्शक प्रज्ञेशनं जवळच्या वाडीतल्या बायांतून कोमलला उचललं. बाकीच्या बाया दासी झाल्या. कोमल बेगम झाली खरी, पण तिला गाडी कोण देणार? तिनं हमामाच्या सेटवरच कपडे बदलायचे, तिथंच जेवायचं.

"शेवटच्या शॉटला ती होती का?" नीलांबरीनं विचारलं.

"होती म्हणजे काय, हे बघा." प्रज्ञेशनं मॉनिटर फिरवला. सात बेगमा छातीपर्यंत घुंगट घेऊन गालिच्यावरून ड्योढीकडं, म्हणजे महालाच्या दाराकडं, चालल्या होत्या. डाळिंबी सगळ्यात शेवटी. "आज दिवसभरात तो एकच शॉट. जेवणाच्या सुट्टीनंतर घेतला. तोही सुखानं नाही. गालिच्यावर कुणीतरी पांढरा पाय उमटवला होता. एकाच पायाचा. ते पुसण्यात ऊन गेलं."

"आणि शॉट झाल्यावर?"

"बाया जीपकडं पळाल्या. हमामात गेला तो मोहनसिंग. त्याच्याशिवाय तिकडं जायचं कुणाला कारण नव्हतं."

म्हणजे गणित सोपं होतं. शॉट होईपर्यंत बाई जिवंत, शॉटनंतर आत एकटा मोहनसिंग. वरून फोनही तसाच आला, आरोपी हातात आहे, उगं लांबण लावू नका, उद्या कोर्टात उभा करा. हवालदार भागवतनं मान डोलावली. त्यालाही घरी जायचं होतं.

मोहनसिंग नांदेडचा. ठाण्याच्या कोपऱ्यात मोडकं बोट मुठीत धरून बसला होता. बाहेर वाडीची माणसं जमली होती आणि त्याला बाहेर द्या म्हणत होती, हे त्याला आतून ऐकू येत होतं.

"मॅडम, मला कोर्टात कशाला नेता? फाटकापर्यंत न्या, तिथंच संपतो मी," तो म्हणाला. "एक सांगू का? त्या बाईच्या हातात बांगड्या नव्हत्या."

"कसल्या?"

"डाळिंबी जोडावर हिरव्या काचेच्या. दोन्ही हात भरून. मीच सकाळी दिल्या. कपडे पाहायची सवय हाय मला, म्हणून ध्यानात आलं."

नीलांबरीनं त्याच संध्याकाळी हौद उपसायला लावला. तळाशी कोमलचा मोबाइल सापडला, बंद पडलेला. बुडणारी बाई हातपाय झाडते, काच फुटते. पण भागवतनं बोटांनी तळ चाचपला तरी काचेचा एक तुकडा मिळाला नाही. काचेच्या बांगड्या चोरायला कोण येतंय? आणि चोरल्याच, तर मेलेल्या बाईच्या हातातून अख्ख्या उतरवत कोण बसतंय?

३

कोमलच्या सासरी रडणं चालू होतं. पार्वतीबाई, म्हणजे सासू, ओसरीत बसून येईल त्याला तेच तेच सांगत होती. आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, नीलांबरीच्या पुढ्यात ठेवला आणि दाराआड गेली. पांढऱ्या कपाळाची, रापलेली, हाडापेरानं दणकट.

"ही कोण?"

"रुक्मी. थोरली सून," पार्वतीबाई म्हणाली. "लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या थोरल्या लेकाला हिरीवरच्या मोटारीचा करंट लागला. खाल्ला हिनं त्याला. तवापासून हितंच हाय. कुठं जाती?"

हे सगळं रुक्माबाईला ऐकू जाईल अशा आवाजात. भिंतीवर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं होतं. ग्रामपंचायतीनं विधवांना हळदीकुंकवाचा मान द्यायचा ठराव केला त्याचा फोटो, आणि फोटोत कपाळ पुढं करून उभी रुक्माबाई. नीलांबरीची नजर तिकडं गेलेली पाहून पार्वतीबाईनं हात झटकला. "ते फोटोपुरतं. फोटूवाला गेला आन् म्या पुसायला लावलं."

"कोमलला शेवटी जिवंत कुणी पाहिलं?"

"सगळ्यायनंच पाह्यलं की शॉटमधी. त्याच्याआधी जेवणाच्या टायमाला डबा घेऊन रुक्मी गेली व्हती."

रुक्माबाई दाराआडूनच बोलली. "डबा दिला. ती जेवाया बसली. मी बाहीर आले. मंग दासीत उभी राह्यले."

"कोण होतं तुमच्या शेजारी?"

"दासीच्या शेजारी दासी," ती म्हणाली.

पार्वतीबाईला मध्येच काहीतरी आठवलं आणि रडता रडता तिला हसू आलं. "पिच्चरमधी रुक्मीनं कोमलचे पाय धुवायचे व्हते, मॅडम. डायरेक्टरला एकदाच पायजे व्हतं. पण कोमल म्हणती, न्हाई जमलं, पुन्हा घ्या. चार-चार डाव धुवायला लावले. सगळा माळ हसत व्हता. लय खट्याळ पोरगी व्हती माझी."

बाहेर पडल्यावर भागवत हळूच म्हणाला, "मॅडम, कोमलचा नवरा स्वप्निल सुरतेला ट्रक चालवतो. लय दिवस झाले, फोन बंद हाय. बायको मेल्याचं बी त्याला कळवता येईना."

नीलांबरी चालता चालता थांबली. मेलेल्याला कुठून कळवणार, असं तिच्या मनात येऊन गेलं.

४

तो विचार पक्का झाला तातेरावांच्या बंगल्यावर. तातेरावांची बायको अनुसूयाबाई सोफ्यावर बसून सुपारी कातरत होती. शेवटच्या दिवशी बायांना रिकाम्या ओटीनं कसं धाडायचं, म्हणून तिनं शॉटच्या आधी गालिच्यावरच सगळ्यांच्या ओट्या भरल्या होत्या. तांदूळ, नारळ, खण.

"सगळ्यांच्या?"

"ज्यांच्या भरायच्या नसतात त्या बाया आपल्या आपण बाजूला होतात, मॅडम. त्यांना सांगावं लागत न्हाई." अनुसूयाबाईनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मुंबईच्या बायांनी सुद्धा पदर पसरला हो. पण ती डाळिंबी! मी ताट घेऊन पुढं गेले तर मागं सरकली. वाडीची पोर, आन् एक दिवस बेगम काय झाली तर माझी ओटी नको तिला. बुडाली ती तिच्या गर्वानं, असं म्हणू नये, पण म्हणते मी."

त्या प्रसंगाची क्लिप प्रज्ञेशच्या असिस्टंटनं घेतली होती, जाहिरातीला होईल म्हणून. नीलांबरीनं ती गाडीतच पाहिली. ताट एकेकीपुढं जातं, ओढण्या पसरतात, नारळ पडतात. ताट डाळिंबीपुढं येतं. डाळिंबी दोन पावलं मागं जाते, दोन्ही मुठी मिटून पोटाशी घेते, मान खाली घालते. ताट पुढच्या ओळीकडं वळतं.

"मॅडम," भागवतचा आवाज बारीक झाला, "सवाशीण बाई ओटीला मागं सरत नसती. हिला ठावं व्हतं. स्वप्निल मेलाय, आन् हिला ठावं व्हतं."

नीलांबरीलाही तेच दिसत होतं. नवरा सुरतेला गेलाच नसेल. इथंच कुठं त्याचा काटा काढला असेल, कोमलला ते कळलं असेल, आणि ती बोलायच्या आत तिलाही बुडवली. घरातलंच कुणीतरी. भावकी, शेत, काहीही. सगळं नीट बसत होतं. तिनं गाडी परत वाडीकडं वळवायला सांगितली. स्वप्निलला शेवटी कुणी पाहिलं हे पार्वतीबाईला खडसावून विचारायचं तिनं ठरवलं.

वाडीच्या फाट्यावर जीप थांबली होती. टपावरून एक माणूस बॅग घेऊन उतरला, पुढं आला आणि नीलांबरीच्या वर्दीकडं पाहून जागीच बसला. फोन चोरीला गेला होता, म्हणाला. ट्रक घेऊन नांदेडकडं येतच होतो, वाटेत दुसऱ्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर बातमी पाहिली, म्हणाला. तो स्वप्निल होता, चांगला धडधाकट.

५

सकाळी कोर्टाची गाडी दारात उभी राहिली. मोहनसिंगला न्यायला दोनच शिपाई होते, आणि फाटकाबाहेर वाडीची माणसं कालच्यापेक्षा जास्त. काही जणांच्या हातात दगड होते आणि ते लपवायचीही कुणाला गरज वाटत नव्हती.

"गाडी थांबवून धरा," नीलांबरीनं सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन क्लिप पुन्हा लावली.

तिनं आता हातांकडं पाहिलं नाही, पायांकडं पाहिलं. ती दोन पावलं तिला ओळखीची होती. तिच्या स्वतःच्या आईची होती. वडील गेल्यापासून प्रत्येक संक्रांतीला, प्रत्येक बारशाला, नीलांबरीच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा, ताट दिसलं की आई अशीच मागं जायची. कुणी सांगायच्या आत. मुठी मिटून, मान खाली घालून, जणू आपणच कुणाच्या वाटेत आलो. हे नवऱ्याच्या काळजीनं झुरणाऱ्या बाईचं मागं सरणं नव्हतं. ते वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं होतं. एका दिवसात ते कुणाला शिकता येत नाही.

स्वप्निल जिवंत होता. कोमल सवाशीण होती आणि ताट पुढं आल्यावर पदर पसरायला तिनं एक क्षण लावला नसता. मग मागं सरलेली बाई कोमल नव्हतीच.

आणि मागं सरताना त्या बाईचा उजवा पाय गालिच्यावरून उचलला गेला, तिथं पांढरा ठसा राहिला होता. एकाच पायाचा. प्रज्ञेश ज्याच्यावर चिडला होता तोच. हौदातल्या पावडरीचा.

"भागवत, शॉटच्या आधीच ती बाई हौदापाशी जाऊन आली होती," नीलांबरी म्हणाली. "कोमल तेव्हा पाण्याखाली होती. पांढऱ्या पाण्यात कुणाला दिसणार?"

"मंग शॉटमधी कोण चाललं?"

"घुंगटाखाली कोण आहे कुणी पाहिलं? बेगमा सात मोजल्या, सात भरल्या. दासी किती होत्या, सांग बरं."

दासी कुणी मोजल्याच नव्हत्या.

"जेवणाच्या सुट्टीत मोहनसिंग कुठं होता?"

"मांडवात. दासींच्या ओढण्या वाटून राह्यला व्हता. पंधरा-वीस बायांनी पाह्यलं त्याला."

"बेड्या काढ त्याच्या. आणि गाडी वाडीकडं घे."

६

रुक्माबाई गोठ्यात शेण भरत होती. घरात येणंजाणं वाढलं की तिचं काम वाढायचं. नीलांबरी दारात उभी राहिली, आणि भागवतला तिनं बाहेरच थांबवलं.

"तुमच्या घरात कपाळ पांढरं असलेली एकच बाई आहे," ती म्हणाली. "हमामात डबा घेऊन गेली तीही एकच. ओटीला मागं सरली तीही एकच. आता बांगड्या तेवढ्या दाखवा."

रुक्माबाईनं हात पुसले. कोपऱ्यातल्या सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं एक फडकं काढलं आणि नीलांबरीच्या हातात दिलं. आत हिरव्या बांगड्या होत्या. एकही फुटलेली नव्हती.

"तिनं जेवाया बसताना अंगरखा काढून ठिवला," ती सांगू लागली, बाजाराचं सांगावं तसं. "बांगड्या बी काढल्या. आन् फोनवर बोलत मागं गेली. हमामात आरसा हाय, माणसायेवढा. म्या म्हणलं एकदा पाहावं. अंगरखा घातला. बांगड्या भरल्या. पाहून राह्यले व्हते."

"मग ती आली."

"हसली. फोन धरून उभी व्हती, सगळं घेतलं व्हतं तिनं. म्हणली, जाऊबाई, नवरी झाल्या की तुमी, वाडीच्या ग्रुपवर टाकते. म्या पाया पडले. ती म्हणली, नाचून दाखवा, मंग पुसते."

नीलांबरीला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारावं लागलं. "नाचलात?"

"नाचले. त्याचा बी तिनं व्हिडिओ काढला. आन् मंग म्हणली, आता दोन टाकते."

गोठ्यात बैलानं शेपटी झटकली. रुक्माबाईनं सवयीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"म्या फोन वढला. ती उताणी गेली, डोकं काठाला लागलं आन् आत पडली. वर यायला लागली. म्या काठावर बसले आन् पायानं दाबली. हातानं दाबली असती तर बांगड्या फुटल्या असत्या." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. "एकदा फोडल्या व्हत्या माझ्या, दगडानं. मनगटात काच गेली व्हती. म्हणून पायानं. जवर हालत व्हती तवर पाय काढला न्हाई."

मग बाहेरून असिस्टंटनं हाक मारली, डाळिंबी, चला. रुक्माबाईनं घुंगट ओढला आणि गेली. सगळ्यांनी बेगमेला वाट दिली. शॉट झाल्यावर ती हमामात परतली, अंगरखा आणि ओढणी मेलेल्या कोमलच्या अंगावर चढवली, तिला पुन्हा पाण्यात सोडलं आणि जीपमध्ये सगळ्यात मागं जाऊन बसली. बांगड्याही हौदातच टाकायच्या होत्या. तेवढं तिच्यानं झालं नाही.

पार्वतीबाईनं हे ऐकलं तेव्हा ती थोरल्या सुनेच्या अंगावर धावली नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "आता शेण कोण भरंल?" ती शोकानं भ्रमली होती की खरंच विचारत होती, हे भागवतला शेवटपर्यंत कळलं नाही.

मोहनसिंगला सोडलं. त्याची माफी कुणी मागितली नाही. ज्यानं बूट फिरवला होता तो ठाण्याबाहेर चहा पीत होता, त्यानं मान दुसरीकडं वळवली. नांदेडच्या एसटीत बसताना मोहनसिंगला डाव्या हातानं दांडी धरावी लागली.

संध्याकाळी अनुसूयाबाईचा फोन आला. तिला सगळं समजलं होतं. आवाजात मोठा सुटकेचा निःश्वास होता. "मॅडम, देवानं वाचवलं बघा मला. ती मागं सरली म्हणून बरं. न्हाईतर माझ्या हातून रांडेची ओटी भरली गेली असती, आन् तातेरावांचं काय झालं असतं?" नीलांबरीनं फोन ठेवून दिला. लगेच प्रज्ञेशचा आला. ती क्लिप पुरावा म्हणून जप्त केली आहे हे त्याला माहीत होतं, पण केस संपल्यावर परत मिळेल का, असं तो विचारत होता. बेगम ताटापासून मागं सरते हे त्याला पिच्चरमध्ये घ्यायचं होतं. एवढं खरं काम त्याच्या एकाही नटीनं केलं नव्हतं, म्हणाला.

नीलांबरी कोठडीशी गेली. रुक्माबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढं जेवणाचं ताट तसंच होतं.

"एक विचारते," नीलांबरी म्हणाली. "घुंगटाखाली तुम्हाला कुणी ओळखणार नव्हतं. पदर पसरला असता, नारळ घेतला असता, तर हे मला कधीच सापडलं नसतं. तुम्हाला हे सुचलं नाही का?"

रुक्माबाईनं वर पाहिलं. काल दुपारपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सुचलं की, बाई. ताट माझ्याकडं येऊन राह्यलं व्हतं. म्या म्हणलं, आता घेते. हात पुढं आणला बी." तिनं कोठडीतल्या फरशीकडं, स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "लय घ्यायची व्हती मला. पर हे मागं गेले."